विंटेज कार्ड करताय ना? मग आधी घरातली ट्रंक उघडा

बेळगावात हल्ली दिवाळीच्या आणि संक्रांतीच्या प्रदर्शनांत हाताने केलेल्या ग्रीटिंग कार्डांचं एखादं तरी टेबल असतंच. मला त्याचा मनापासून आनंद आहे. मी स्वतःही कार्डं करते, म्हणूनच एक गोष्ट फार खटकते. ‘विंटेज फॅशन’ म्हणून जे कार्ड हातात येतं, त्यावर डोक्याला घट्ट बसलेली हॅट, कमरेखाली उतरलेला पट्टा आणि गळ्यात मोत्यांचा लांब सर घातलेली बाई असते. ही १९२० च्या दशकातली पॅरिस-लंडनची फॅशन. देखणी आहे, वादच नाही. पण पाडव्याच्या शुभेच्छांना तीच कशाला हवी?

आपल्याकडे काय कमी होतं? इरकलीचा पदर एकदा नीट बघा. लाल रंग, त्यावर पांढऱ्या रेघा आणि कंगव्याच्या दात्यांसारखी नक्षी. तो टोपतेनी पदर. लुगड्याचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा, पदराचा वेगळा, आणि दोन्हींच्या सुतांचे फासे एकमेकांत अडकवून जोड देतात, तिला कोंडी म्हणतात. बागलकोटकडच्या गुळेदगुड्ड गावचा खण, म्हणजे पोलक्याचं काठाचं कापड, आहे. आणि आपल्या शहापूर-वडगाव-खासबागेतल्या विणकरांच्या साड्या तर हाताशीच आहेत. शहापूर हे एके काळी सांगली संस्थानाचं गाव होतं. आपल्या भागातल्या किती मराठी घरांतली लुगडी कन्नड बोलणाऱ्या विणकरांच्या हातची आहेत! सीमेवरचं भांडण मी इथे आणत नाही, पण हे विसरायलाही तयार नाही.

जुनं दाखवायचं तर ते बरोबर दाखवावं, याबाबत मी हट्टी आहे. नऊवारीचा काष्टा असेल तर पुढे गोल साडीच्या निऱ्या काढू नयेत. फुग्याच्या बाह्यांचं पोलकं १९४० च्या आसपासचं. त्या बाईच्या शेजारी साठच्या दशकातला उंच फुगवलेला अंबाडा उभा केला की सगळं विस्कटतं. पुरुषांचंही तसंच. धोतरावर बंद गळ्याचा कोट आणि टोपी, हे जुन्या स्टुडिओतल्या फोटोंत हमखास सापडतं. ते बघून काढा, मनाने नको.

आता कामाचं. खणाचा तुकडा चिकटवणं नाजूक असतं. फेव्हिकॉल कापडाला लावू नका, कागदाला लावा, तोही अगदी पातळ थरात. जास्त झाला तर तो कापडातून वर येतो आणि वाळल्यावर पृष्ठभागावर चकाकणारा डाग उरतो. त्याआधी तुकड्याला कांजी करून इस्त्री मारा, मग काठ सरळ राहतो आणि सुतं निघत नाहीत. तुकडा मापापेक्षा थोडा मोठा ठेवायचा, जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबायचा आणि सकाळी पोलादी पट्टी धरून ब्लेडने बरोबर मापाला कापायचा. ही घाई केली की खणाची रेघ वाकडी जाते, आणि वाकडी रेघ खणात फार उठून दिसते.

कार्डाची घडी घालण्याआधी शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्या. त्याहीआधी कागद लांबीत आणि रुंदीत हलकेच वाकवून बघा, जिकडे सहज वाकतो तिकडे घडी घाला. उलट घातली तर ती तडकते. ए-४ चा अर्धा कागद घडी केला की ए-६ कार्ड होतं, आणि ते सी-६ पाकिटात नीट बसतं.

कापड कुठलं वापरावं? फाटलेल्या पोलक्याचं, विरलेल्या काठाचं. धडकं लुगडं कार्डासाठी कापू नका, माझा साफ विरोध आहे. ते नेसणारं कुणीतरी घरात असेल, नाहीतर उद्या होईल. जुन्या फोटोंवरही कात्री चालवू नये. फोटो स्कॅन करा, प्रिंट काढा आणि त्याच्याशी हवा तो खेळ करा.

आणखी एक, हे कार्ड विकणाऱ्यांसाठी: मागच्या बाजूला छोट्या अक्षरांत लिहा की हा खण गुळेदगुड्डचा, हा पदर इरकलीचा. पुण्या-मुंबईला गेलेलं कार्ड वाचणाऱ्याला तेवढं कळलं पाहिजे. विणकराच्या गावाचं नाव लिहायला कितीशी जागा लागते?

तुमच्या ट्रंकेत जुन्या काठांचे तुकडे असतील तर खाली फोटो टाका. चिक्की, गोमी, गाडीदाडी, कुठलाही काठ चालेल. कुठे घेतला होता तेही लिहा.