सारा ही सरस्वती नव्हे

व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं एक मजकूर फिरतोय: बायबलमधला अब्राहाम म्हणजे ब्रह्मा, त्याची बायको सारा म्हणजे सरस्वती, त्याची दुसरी बायको झालेली साराची दासी हागार म्हणजे घग्गर नदी, शिवाय दोन्ही जोडप्यांत रक्ताचं नातं. म्हणजे मूळ एकच!

आधी सारा. हिब्रूत 'सार' म्हणजे सरदार, अधिकारी, आणि 'सारा' हे त्याचं स्त्रीलिंग. हा शब्द एका नावापुरता नाही. बायबलच्या 'शास्ते' या पुस्तकात (५:२९) सेनापती सीसराच्या आईभोवतीच्या बायका 'सारोत' आहेत, १ राजे ११:३ मध्ये राजा शलमोनाच्या ७०० राण्याही 'सारोत'च. आजच्या इस्रायलमध्ये स्त्री मंत्र्याला हाच शब्द वापरतात. प्राचीन इराकातल्या अक्कादी भाषेत राणीला 'शर्रतु' म्हणत, तेही याच कुळातलं. सरस्वतीत मात्र 'सरस्' आहे, म्हणजे पाणी, तळं. दोन अक्षरं जुळली की नातं, असं म्हटलं तर आपला शेतसाराही साराच्या खात्यावर जमा करावा लागेल.

सरस्वतीची खरी बहीण हवी असेल तर ती अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथात आहे: 'हरख्वइती', आजच्या कंदाहारकडच्या प्रदेशाचं जुनं नाव. इराणी भाषांत आपल्या 'स'चा 'ह' होतो, जसं सप्तचं हप्त, सिंधूचं हिंदू. तो नियम लावला की हे अख्खं नाव शेवटपर्यंत जुळतं. सारात '-स्वती' गेली कुठे, यावर फॉरवर्ड गप्प आहे.

अब्राहामचं नाव उत्पत्ती १७:५ पर्यंत अब्राम होतं. 'अब' म्हणजे बाप, 'राम' म्हणजे उंच, थोर. (या 'राम'वरून नवा फॉरवर्ड काढू नका.) 'ह' नंतर आला, त्याच्या वयाच्या ९९व्या वर्षी, आणि 'ब' तर 'अब'चा. मग 'ब्रह्म' कापून काढायचं कुठून?

नात्याचं म्हणाल तर उत्पत्ती २०:१२ प्रमाणे सारा ही अब्राहामची सावत्र बहीण, बाप एक, आई वेगळी. पुराणांत सरस्वती ब्रह्म्याची मुलगी. ऋग्वेदातल्या सरस्वतीला तर ब्रह्मा हा नवराच नाही. ती जोडी पुराणांतली.

राहिली हागार. उत्पत्ती १६:१ तिला सरळ मिसरी, म्हणजे इजिप्तची, म्हणतं. त्यात घग्गर हीच प्राचीन सरस्वती, असंही पुष्कळजण मानतात. तसं असेल तर सारा आणि हागार एकच बाई ठरते, आणि त्या अध्यायातलं सवतींचं भांडण कुणी कुणाशी केलं?