रॉक पोस्टर ‘अस्सल’ ठरवणारा तो फॉरवर्ड, आणि आधी लॅमिनेशन थांबवा

‘राजकीय रॉक पोस्टर अस्सल कसं ओळखाल : पाच खुणा आणि एक सल्ला’ असा मेसेज पोस्टर जमवणाऱ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं : अस्सल पोस्टर हाताने स्क्रीन प्रिंट (जाळीतून शाई दाबून) केलेलंच असतं, ठिपके दिसले की नकली. रंग लाल-काळेच. यूव्ही टॉर्चखाली कागद चमकला की नकली. अक्षरं सहज वाचता आली पाहिजेत. पोस्टरवर क्रमांक आणि साल पाहिजे. सल्ला काय, तर पोस्टर हातात आलं की खान्देशच्या उन्हापासून वाचवायला लगेच लॅमिनेट करा. जळगावात माझ्या भाच्याने हे वाचून लॅमिनेशनचा भाव काढला, म्हणून हे लिहिणं आलं. आणि म्हणूनच सुरुवात सल्ल्यापासून.

लॅमिनेशनच्या फिल्मला आतून उष्णतेने वितळणारा चिकट थर असतो. शंभर अंशांच्या वर तापलेल्या रोलरखालून जाताना तो कागदाच्या तंतूंत मुरतो. नंतर फिल्म सोलायला गेलात तर शाई तिच्यासोबत निघते. घडी, सुरकुती, धूळ जे काही आत राहिलं ते कायमचं. आणि ऊन? भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीस गाठतो हे खरं, पण रंग उडतो तो मुख्यतः प्रकाशाने, आणि साधी फिल्म प्रकाश अडवत नाही. थोडक्यात, पैसे देऊन पोस्टर मारायचं.

करायचं ते एवढंच : पॉलिएस्टरची स्वच्छ पिशवी, एक-दोन बाजूंनी उघडी, मागे आम्लरहित बोर्ड, पोस्टर आडवं, सपाट, पत्र्याच्या छताखाली नाही. फ्रेम करायची असेल तर काच कागदाला टेकू नये म्हणून मध्ये माउंट घाला, आणि पश्चिमेची भिंत टाळा. फ्रेमवाल्याला ठणकावून सांगा : फेव्हिकॉल नाही, सेलोटेप नाही, पाठीला थेट हार्डबोर्ड नाही. वरच्या कडेला मागून जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने. एक भाग स्टार्च, चार-पाच भाग पाणी. मंद आचेवर सतत ढवळत वीस-तीस मिनिटं शिजवायचं, गार करून गाळायचं. बाइंडर लोक किडीसाठी खळीत मोरचूद (तांब्याचा क्षार) घालतात, ते इथे अजिबात नको. तांब्यामुळे कागद तपकिरी पडून ठिसूळ होतो. बिनमोरचुदाची खळ दोन-चार दिवसांत आंबते, तेव्हा लागेल तेवढीच करा.

आता तो टॉर्च. कागद निळसर चमकतो तो त्यात घातलेल्या शुभ्रक द्रव्यामुळे. टिनोपालमध्ये धुतलेला शर्ट त्याच टॉर्चखाली धरून पाहा भो, तोही चमकेल. म्हणून शर्ट नकली ठरत नाही. ही द्रव्यं कागदात १९५० च्या दशकापासून सर्रास आली. म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधीचं म्हणून विकलेलं पोस्टर चमकलं तर संशय घ्यावा. १९६७ किंवा १९७८ च्या पोस्टरबाबत चमक काहीच सिद्ध करत नाही. उलट शुभ्रक नसलेल्या मळकट कागदावर काल छापलेली नक्कल ही परीक्षा आरामात पास होईल. टॉर्चचा उपयोग आहे तो जोडलेली फाट किंवा नंतर भरलेला रंग शोधायला.

ठिपक्यांचा मुद्दा त्याहून उफराटा. सॅन फ्रान्सिस्कोची १९६० च्या दशकातली गाजलेली रॉक पोस्टरं बहुतांशी ऑफसेटवर, म्हणजे ठिपक्यांनी रंग उमटवणाऱ्या यंत्रावर, छापलेली. पोस्टरांचे जाणकार एरिक किंग यांनी बिल ग्रॅहम आणि फॅमिली डॉग या तिथल्या कार्यक्रम भरवणाऱ्यांच्या पोस्टरांची जी मार्गदर्शिका केली, ती पहिली छपाई आणि नंतरच्या छपाया वेगळ्या करते त्या मापं, कागद आणि बारीक मजकुरातल्या फरकांवरून. सराफाकडचं दहापट भिंग घ्या. ओळीत बसलेले, ठरावीक कोनातले ठिपके म्हणजे ऑफसेट. सपाट, किंचित उठून आलेली शाई आणि कडेला जाळीचे बारीक दाते म्हणजे स्क्रीन. विस्कटलेली रंगीत फवारणी म्हणजे इंकजेट, आणि जुन्या पोस्टरवर घाबरायचं ते तिला. फोटोच्या भागात ठिपके, पण अक्षरांची कड स्वच्छ, हे बरोबर. काळ्या अक्षरांच्या कडेलाही ठिपके फुटले असतील तर कुणीतरी छापील प्रत स्कॅन करून पुन्हा छापली आहे.

लाल-काळ्यात थोडं तथ्य आहे, मान्य करतो. स्क्रीनमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम, वेगळी वाळवण. मे १९६८ मध्ये पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी छापलेली बरीच पोस्टरं म्हणूनच एकरंगी. पण हा खर्चाचा आणि घाईचा हिशेब, अस्सलपणाचा नियम नव्हे. आणि वाचता न येणारी अक्षरं? सॅन फ्रान्सिस्कोचा पोस्टर-चित्रकार वेस विल्सनने व्हिएन्नाचा चित्रकार आल्फ्रेड रोलर याच्या अक्षरांवरून ती वितळणारी अक्षरं मुद्दाम घडवली. थांबून वाचायला लावणं हाच डाव होता. त्याच विल्सनने १९६५ मध्ये अमेरिकन झेंड्यात नाझी स्वस्तिक घालून व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पोस्टर काढलं, ते लांबूनही कळतं. दोन्ही त्याचीच.

क्रमांकाचा घोळ साधा आहे. ‘बीजी-१०५’ म्हणजे बिल ग्रॅहमच्या मालिकेतलं एकशे पाचवं पोस्टर; १२/३०० सारखी प्रतींची मोजणी नव्हे. खांबावर चिकटवायच्या कागदाला प्रत क्रमांक कोण घालतो? सालाचंही तेच. पुढच्या आठवड्याच्या कार्यक्रमाला वार आणि तारीख पुरते. ठळक साल बहुधा नक्कल करणाऱ्याला लागतं. तळाशी बारीक अक्षरांत कॉपीराइटचं साल असणं वेगळी गोष्ट. वार-तारीख मात्र जुळवून पाहाच : लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कातला वंशवादविरोधी कार्निव्हल ३० एप्रिल १९७८ चा, तो रविवार, न्यूयॉर्कचा, बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनने भरवलेला बांगलादेशसाठीचा कार्यक्रम १ ऑगस्ट १९७१, तोही रविवार. या १९७१ च्या कार्यक्रमाच्या ‘जाहिराती’वर गायक बॉब डिलनचं नाव मोठ्या अक्षरांत असेल तर हात आखडा. तो प्रत्यक्ष मंचावर येईपर्यंत हॅरिसनलाच खात्री नव्हती, आधी छापणार कोण?

विकणाऱ्याकडून चार फोटो मागा : पुढून, मागून, पट्टी ठेवून कड, आणि भिंगातून काळ्या अक्षराचा कोपरा. शेवटचा द्यायला टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच सोडा.