बुटीबोरीच्या 'त्या' कंटेनरबद्दल खुलासा

बुटीबोरीच्या रस्त्यावर उभ्या कंटेनरचा एक फोटो दोन दिवसांपासून नागपूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. सोबत मजकूर: 'बैरुतमध्ये फुटला तोच माल यात आहे.' हे साफ चूक आहे.

फोटो मोठा करून पाहा. टोकावर उभा लाल चौकोन, वर ज्वाळा, खाली ३ चा आकडा. म्हणजे पेट घेणारा द्रव. थिनर, रंग असं काही. आगीचा धोका आहेच, जवळ विडी-सिगारेट पेटवू नका. लेबनॉनच्या बैरुत बंदरात ४ ऑगस्ट २०२० रोजी फुटलं ते अमोनियम नायट्रेट, म्हणजे खतात वापरलं जाणारं रसायन. त्याची खूण पिवळी, आकडा ५.१. आणि तो माल कंटेनरमध्ये नव्हताच; सुमारे २,७५० टन माल २०१४ पासून बंदराच्या गोदामात पडून होता, तिथे आधी आग लागली.

मला काळजी वाटते ती खूण न लावता, खोटं नाव सांगून भरलेल्या मालाची. खूणच नसेल तर अग्निशमनवाल्यांना कळणार कसं? आणि कंटेनरमधला माल आपोआपही पेटू शकतो: चीनच्या तिआनजिन बंदरात २०१५ मध्ये वाळलेलं नायट्रोसेल्युलोज (सहज पेट घेणारं रसायन) कंटेनरमध्ये असंच पेटलं होतं.

कंटेनरमधून धूर दिसला तर व्हिडिओ काढत थांबू नका. लांब जा, १०१ किंवा ११२ ला फोन करा, आकडा लांबूनच दिसला असेल तर तोही सांगा.