शिळे नव्हते: नाट्यसंध्येवरच्या तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार.

लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये रशियन संगीतकार शोस्ताकोविचच्या 'द नोज' (म्हणजे 'नाक') या ऑपेराला मी तुम्हा सगळ्यांना नेलं होतं, प्रयोगाआधी हॉलमध्ये जेवण आणि ऑपेराची माहिती. त्या संध्येवरचा तुमचा रिव्ह्यू भाऊबीजेच्या रात्री वाचला आणि त्यानंतर झोप लागली नाही, हे आधीच सांगून टाकते. एक स्टार. "दोन तास मध्यंतर नाही, गाणं म्हणून नुसती आदळआपट, रशियन सांगून इंग्रजीत ऐकवलं, तिकिटावर जास्तीचे पैसे, आणि वर शिळे बटाटेवडे. पाहुण्यांसमोर नाक कापलं गेलं." एवढं सगळं एका दमात.

पहिल्यांदा माफी मागते. तुमच्या सासूबाईंना गुडघ्याचा त्रास आहे हे तुम्ही बुकिंगच्या वेळी कळवलं होतं. वरच्या मजल्यावरच्या खुर्च्यांपर्यंतचे जिने उभे आहेत, आणि एकदा बसलं की दोन तास उठता येत नाही. मी त्यांना बाजूला घेऊन दोन शब्द बोलायला हवं होतं. गडबडीत राहून गेलं. ती चूक माझी, मनापासून क्षमस्व.

आता बाकीचं. मध्यंतर नाही हे मी लपवलं, असं तुम्ही लिहिलंय. ग्रुपवर तीन वेळा मेसेज गेला होता, तिसरा प्रयोगाच्याच दिवशी, गुरुवारी सकाळी. तिन्ही शेवटच्या ओळीत होते, हे मान्य. पण आपल्या माणसाला मध्यंतर म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. शिवाजी मंदिरात दुसरी घंटा होईपर्यंत वड्याच्या रांगेत उभी राहिलेली बाई आहे मी. हा ऑपेराच असा आहे की मध्ये थांबला तर त्याची हवा जाते. शोस्ताकोविचने लिहिला तेव्हा तो एकवीस-बावीस वर्षांचा होता, १९२७-२८ साली, गोगोल या रशियन लेखकाच्या १८३६च्या गोष्टीवरून. एका साहेबाचं नाक सकाळी उठल्यावर जागेवर नसतं. ते न्हाव्याला पावात सापडतं आणि पुढे त्याच साहेबापेक्षा मोठ्या हुद्द्याचा गणवेश चढवून पीटर्सबर्गमध्ये हिंडू लागतं. या गोष्टीच्या मध्ये पंधरा मिनिटं चहा प्यायला गेलं तर परत येऊन कोण विश्वास ठेवणार?

इंग्रजीबद्दल: रॉयल ऑपेरा हाऊसचा हा २०१६चा नवा प्रयोगच डेव्हिड पाउंटनी यांच्या इंग्रजी भाषांतरातला आहे. हे पहिल्याच मेसेजमध्ये होतं, तेही वरच्या ओळीत. पैशांबद्दल: तिकिटावरची किंमत आणि मी घेतलेले पैसे यात माणशी १८ पौंडांचा फरक आहे. त्यात हॉलचं भाडं, जेवण, मराठीतली माहितीची दोन पानं आणि मी. मी किती उरते, ते तुम्हीच काढा. हिशेबाची वही दाखवायला तयार आहे.

पण वडे.

'शिळे' हा शब्द माझ्या फार जिव्हारी लागला, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. कंटाळा आला तर इथेच थांबा.

त्या दिवशी वसुबारस होती. सकाळी आठला बटाटे उकडायला लावले, मोठ्या कुकरमध्ये दोन वेळा. अकरापर्यंत सोलून, कुस्करून, आलं-मिरची-लसणाची फोडणी घालून सारण गार करायला ठेवलं. दुपारी गोळे वळले. मोजून ६४. तुमच्यासकट २४ माणसं, दोघांना लसूण चालत नाही म्हणून त्यांचे आठ वेगळे. आम्ही घेतो त्या हॉलमध्ये तळायची परवानगी नाही, ओव्हन तेवढा आहे. म्हणून सव्वातीनला हॅरोच्या माझ्या स्वयंपाकघरात तळायला घेतले आणि चारला शेवटचा घाणा निघाला. कागदावर निथळून फॉइलमध्ये, फॉइलवर टॉवेल, टॉवेलवर लेकाची जुनी स्लीपिंग बॅग. मेट्रोपॉलिटन लाइनने किंग्ज क्रॉस, तिथून पिकॅडिली लाइनने कॉव्हेंट गार्डन. स्टेशनात लिफ्टपुढे ही गर्दी. तिथला जिना १९३ पायऱ्यांचा आहे, भिंतीवर तशी पाटीच लावलीय, सहसा चढू नका म्हणून. मी चढले. एका हातात वडे, दुसऱ्यात चटणी, पाव आणि चकलीचा डबा. वर पोचले तेव्हा छातीत धाप होती आणि वडे कोमट होते.

साडेपाचला ओव्हन तापला. पावणेसहाला, म्हणजे मेसेजमध्ये दिलेल्या वेळेला, पहिलं ताट वाढलं तेव्हा वड्याला बोट लावून बघितलं होतं. चटका बसत होता. वीस माणसांनी खाल्ले. एका काकांनी चार खाल्ले, त्यांचं नाव सांगत नाही.

तुम्ही चौघं आलात सहा अडतीसला. वेळ मला पक्की माहीत आहे, कारण सव्वासहाला माझं बोलणं सुरू झालं होतं आणि मी नुकतीच कझान कॅथेड्रलपर्यंत आले होते, जिथे ते नाक प्रार्थनेला उभं असतं आणि आपल्याच मालकाला ओळख देत नाही. दार उघडलं. ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या दुकानांच्या सहा-सात पिशव्या आत आल्या, मागून तुम्ही. दिवाळीची खरेदी होती, समजू शकते. मी बोलणं थांबवून तुम्हाला वाढलं. ओव्हन वीस मिनिटांपूर्वी बंद केला होता, कारण सातला हॉल झाडून किल्ली परत द्यायची असते. मी म्हटलं, "पाच मिनिटं द्या, गरम करते." तुम्ही म्हणालात, "राहू द्या, तसेच द्या, उशीर होतोय." हे तुमचेच शब्द आहेत.

म्हणजे वडे थंड होते, नाही म्हणत नाही. पण शिळे म्हणजे आदल्या दिवशीचे. माझ्या आईने गिरगावात ऑपेरा हाऊसच्या मागच्या गल्लीत बावीस वर्षं डबे चालवले. शिळं अन्न दुसऱ्याच्या ताटात गेलं तर ती त्या दिवशी स्वतः जेवत नसे. (योगायोग बघा, मुंबईतलं ते रॉयल ऑपेरा हाऊस २०१६च्या ऑक्टोबरमध्ये तेवीस वर्षांनी पुन्हा उघडलं, इथे हा प्रयोग सुरू झाला त्याच सुमाराला. आमच्यासाठी ते नाव म्हणजे बसचा स्टॉप होता. तिथून मी इथल्या ऑपेरा हाऊसपर्यंत आले, ती डब्यांच्याच जोरावर.)

तुमच्या उशिरापायी उरलेलं बोलणं मला दहा मिनिटांत उरकावं लागलं. त्यातच आदळआपटीचं उत्तर होतं. पहिल्या अंकात न्हावी पुलावरून नाक टाकायला जातो, पोलीस त्याला हटकतो आणि त्यानंतर तो तुकडा येतो. ती तीनेक मिनिटं फक्त तालवाद्यांची आहेत, सूर लागेल असं वाद्य एकही नाही. त्या काळी ऑपेरात असं कुणी करत नसे. त्यानंतर साहेब झोपेतून उठतो, तेव्हा त्याचं जांभया देणं आणि गुरगुरणंसुद्धा संगीतात लिहिलेलं आहे. हे तुम्हाला आधी कळलं असतं तर भांडी आपटल्यासारखं वाटलं नसतं. निदान एवढं वाटलं नसतं. आवडायलाच हवं असं माझं म्हणणं नाही. लेनिनग्राडला १८ जानेवारी १९३० रोजी हा पहिल्यांदा रंगमंचावर आला तेव्हाही पुष्कळांनी नाकं मुरडली. पुढे तिकडे तो १९७४ पर्यंत पुन्हा उभाच राहिला नाही. तेव्हा तुम्ही एकटे नाही.

मात्र पाहुण्यांसमोर नाक कापलं गेलं, हे मला पटत नाही. मी तुमच्या मागच्या रांगेत, कडेच्या खुर्चीत होते. दिग्दर्शक बॅरी कॉस्की यांनी नाकांचा ताफा आणून टॅप डान्स करायला लावला, तेव्हा तुमच्या सासऱ्यांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरला होता. बाहेर पडताना त्यांनी मला विचारलं, "तो पोलीस एवढ्या वरच्या पट्टीत गातो कसा हो?" मी सांगितलं की शोस्ताकोविचने ती भूमिका मुद्दाम तशी लिहिलीय, गायकाचा घसा ताणून. ते म्हणाले, "आमच्या शेजारचा फौजदार अगदी असाच बोलायचा." आणि हसत राहिले. हे तुम्ही ऐकलं नाही, कारण तुम्ही पुढे टॅक्सी बघायला गेला होतात. सासूबाईंनी चकली कुठल्या भाजणीची ते विचारलं. मी त्यांना लिहून दिलंय.

माझा धंदा मोठा नाही. वर्षाला पाच-सहा नाट्यसंध्या, बाकी दिवस डबे. जानेवारीच्या संध्येची नावं घेणं चालू आहे. तुमचा रिव्ह्यू आला त्या आठवड्यात दोघांनी नाव मागे घेतलं. एकीने कारण सांगितलं नाही, दुसरीने "वड्यांचं काय झालं हो?" म्हणून विचारलं. तुम्ही रागात दोन मिनिटांत लिहिलं असेल, मी तीन रात्री त्याचं उत्तर लिहितेय. आधीची दोन उत्तरं लेकाने पुसायला लावली.

पुढच्या वेळी मध्यंतर नसेल तर ते मेसेजच्या पहिल्या ओळीत येईल. ज्यांना जिने जमत नाहीत त्यांच्यासाठी खालच्या मजल्यावरच्या खुर्च्यांचं काही जमतंय का तेही बघते, पण त्या महाग असतात. वेळेचंही काहीतरी करावं लागेल.

एक स्टार राहू द्या. तुम्ही पैसे मोजलेत, तो तुमचा हक्क आहे. फक्त 'शिळे' काढून 'थंड' लिहा, एवढीच विनंती.

आणि पिशव्यांपैकी एक हॉलमध्ये राहिली होती, निळ्या रंगाची, लहान मुलाचे बूट आहेत आत. माझ्याकडे आहे. पत्ता कळवलात तर पाठवते, खर्च माझा.