वळण कापले की उतार वाढतो

सांगलीजवळ कृष्णेची वळणे काढून पात्र सरळ आणि खोल केले की पुराचा प्रश्न सुटेल, हे पुराविषयीच्या एका लेखातले विधान अजिबात पटले नाही. वळण कापले की त्याच दोन टोकांमधले अंतर घटते, उतार वाढतो, पाण्याला जोर येतो. मग तळाची झीज वरच्या अंगाला सरकत जाते, काठ ढासळतात आणि ती माती खालच्या गावांच्या पात्रात जाऊन बसते. आमच्या ओढ्याचे असेच खोलीकरण झाले. पहिल्या पावसाळ्यात पाणी झटकन निघून गेले, सगळे खूश. पुढे मात्र वरच्या बाजूची करंजाची झाडे मुळासकट ओढ्यात आली आणि खालच्या पुलाशी गाळ साचला. पोकलेनने काढलेली माती काठावरच रचली होती, तीही परत आत!

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातल्या किसिमी नदीचे उदाहरण त्या लेखात यायलाच हवे होते. सुमारे १६६ किलोमीटरची ही नागमोडी नदी १९६२ ते १९७१ दरम्यान ९० किलोमीटरचा कालवा करून टाकली. पूर आटोक्यात आला, पण पाणथळ जमिनी सुकल्या, पाणपक्षी गेले. शेवटी १९९९ ते २०२१ या काळात कालव्याचा काही भाग बुजवून जुनी वळणे पुन्हा वाहती करावी लागली. कृष्णेला हात लावण्याआधी ठरावीक जागी पात्राचे आडवे छेद (म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत पात्राची रुंदी-खोली) पावसाळ्याआधी आणि नंतर, सलग काही वर्षे मोजा, आणि ते आकडे गावोगावी चावडीवर लावा.