पगार लाखांत, पाय मात्र जड

२०२४-२५च्या प्रीमियर लीग या इंग्लंडमधील अव्वल फुटबॉल स्पर्धेत मँचेस्टर युनायटेडचा संघ ३८पैकी १८ सामने हरून १५व्या क्रमांकावर राहिला आणि युरोपातल्या क्लबांच्या युरोपा लीग स्पर्धेच्या अंतिम सामन्यात टॉटनम या इंग्लिश क्लबविरुद्ध त्याला एक गोलही करता आला नाही. आठवड्याला लाखो पौंड घेणाऱ्या या मंडळींना चेंडू गमावल्यावर मागे धावणेही जिवावर येते. हात पसरून पंचांकडे बघत उभे राहणे तेवढे छान जमते. क्लबच्या काटकसरीची कुऱ्हाड मात्र शेकडो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्यांवर आणि त्यांच्या मोफत जेवणावर पडली, शिवाय भर हंगामात उरलेल्या तिकिटांचा दर ६६ पौंड करून मुलांची व ज्येष्ठांची सवलतही काढून घेतली. आणि सुमारे ९.५ कोटी युरोंना आणलेला आघाडीचा खेळाडू अँटनी २०२५मध्ये स्पेनमधल्या क्लबकडे लोनवर, म्हणजे उसना, जाताच खुलला, याला काय म्हणावे?