पाच अक्षरी नाशिक

मुद्रितशोधनात तीस वर्षे काढलेल्या माणसाला अक्षरे मोजायला कोणी शिकवू नये, असे माझे ठाम मत होते. ते गेल्या रविवारी, मिसळीचा ठसका अजून घशात असतानाच, गंगापूर रोडवरच्या आमच्या दिवाणखान्यात मोडीत निघाले.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात असलेली माझी पुतणी पायथन या संगणकभाषेचा गृहपाठ घेऊन बसली होती आणि त्यात, दिलेला शब्द फॉर लूप चालवून उलटा करावा, एवढीच मागणी होती. "यासाठी यंत्र कशाला? मी तोंडी करतो," असे मी बोलून गेलो. तिने निमूटपणे लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "काका, मग तुम्हीच करा."

स्ट्रिंग म्हणजे ओळीने ओवलेली अक्षरे आणि लूप म्हणजे जपमाळेसारखा त्यातला एकेक मणी ओढत जाणे, हे मला लगेच पटले; मणी शून्यापासून मोजायचे, हे मात्र मी केवळ पाहुण्याच्या घरची रीत म्हणून सोसले. शब्द अर्थातच 'नाशिक' घेतला. उलटण्याआधी त्याची लांबी विचारली, तर उत्तर आले ५.

"तीन," मी म्हणालो. "ना, शि, क."

"काका, काना आणि वेलांटीही वेगळी मोजतात."

युनिकोडच्या, म्हणजे संगणकासाठी अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, दरबारात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार या प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक आहे, इतकेच नव्हे तर अक्षराचा पाय मोडल्याची खूणही तिथे मानाने मोजली जाते. त्यामुळे मी बोटांवर पाच अक्षरांत बसवलेले त्र्यंबकेश्वर यंत्राने तेरांवर नेले. त्यातही पहिली वेलांटी आपण कागदावर अक्षराच्या आधी काढतो, पण यंत्र ती अक्षराच्या नंतर साठवते आणि पडद्यावर दाखवताना गुपचूप पुढे आणून ठेवते. आयुष्यभर ऱ्हस्व-दीर्घाच्या तंट्यांत न्याय दिलेल्या मला या वेलांटीच्या लबाडीची कल्पनाही नव्हती.

मग मी प्रोग्रॅम लिहिला. आधी एक रिकामी स्ट्रिंग घ्यायची, नंतर प्रत्येक फेरीत एक अक्षर उचलून तिच्यात घालायचे, चारच ओळी. त्या चार ओळींचे समास मात्र वेडेवाकडे दिसत होते, म्हणून सवयीने मी रिकाम्या स्ट्रिंगची ओळ लूपच्या ओळीखाली घेऊन मधल्या ओळी नीट एका रेषेत आणल्या. उत्तर आले: 'क'. पायथनमध्ये लूपच्या ओळीखालची ओळ आत सरकली की ती लूपच्या पोटात जाते, आणि माझ्या टापटिपीमुळे रिकामी स्ट्रिंगही पोटात गेली होती. परिणामी प्रत्येक फेरीला साठवलेले सारे पुसले जात होते. दूधवाल्याची वही रोज सकाळी धुऊन काढली, तर महिनाअखेरीस एकाच दिवसाचे दूध निघणार, तसा हा प्रकार.

ती ओळ बाहेर काढली. आता उत्तर आले: 'नाशिक'. द्वारका चौकातल्या कोंडीत अर्धा तास घामाघूम होऊन पुन्हा आपल्याच दारात उतरल्यासारखे मला वाटले. नवे अक्षर जुन्या मजकुराच्या मागे जोडले, तर शब्द सरळच राहणार. ते पुढे जोडायला हवे होते. तेवढी अदलाबदल केली आणि पडद्यावर शब्द उमटला: 'किशान'.

आम्ही दोघेही काही क्षण गप्प बसलो. मार्च २०१८मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा ज्या गावातून मुंबईला पायी निघाला, त्या गावाचे नाव उलटे केल्यावर किसानच निघावा, हा योगायोग मला फार आवडला. खटकला तो फक्त 'श'. मी लगेच तिसऱ्या जागेवरचा, म्हणजे त्यांच्या हिशेबी दुसऱ्या क्रमांकाचा, 'श' काढून 'स' बसवायला गेलो. तांबड्या ओळी आल्या. पायथनमध्ये एकदा घडलेली स्ट्रिंग जागच्या जागी बदलता येत नाही, असा त्यांचा मथितार्थ होता. ज्याचे पोटच 'श'चा 'स' करण्यावर भरले, त्याला हे सांगायचे! एका अक्षरासाठी अख्खा फॉर्मा नव्याने जुळवावा, तसा मी पुन्हा लूप फिरवला: 'श' दिसला की 'स' घ्यायचा, एरवी असेल ते. 'किसान' आल्यावर पुतणीने शांतपणे सांगितले की हेच काम रिप्लेस या तयार आज्ञेने एका ओळीत होते.

अपमान गिळून मी 'पंचवटी' उलटून पाहिली. शब्दाच्या अगदी तोंडाशी दुसरी वेलांटी, टेकायला अक्षर नसल्यामुळे ठिपक्यांच्या वर्तुळाला धरून, परगावच्या फलाटावर चुकलेल्या पोरासारखी उभी होती. मला तिची खरोखर दया आली.

"राहू द्या, काका," पुतणी म्हणाली, "सरांनी इंग्रजीच शब्द घ्यायला सांगितला आहे." तिने नाशिक रोमन लिपीत टंकले, माझाच लूप चालवला, आणि पहिल्या फटक्यात के, आय, एच, एस, ए आणि शेवटी कॅपिटल एन असे उत्तर आले. तिने ते तसेच जमा केले. शब्दाच्या शेवटी कॅपिटल अक्षर! मी तांबडे पेन शोधायला आत गेलो, तोवर तिने लॅपटॉप मिटला होता.